घर पाणीरेषेच्या वर नेताना : बॅटरीवरच्या हॅमर मशीनच्या नोंदी (बडोदा)

२ मार्च २०२५, रविवार

आमचं घर (इथे याला टेनामेंट म्हणतात) कारेलीबागेत, तळमजला, चाळीस वर्षांचं बांधकाम. गेल्या ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात विश्वामित्री नदी शहरात शिरली, धोक्याची पातळी २५ फूट आणि पाणी ३५ च्याही वर गेलं, तेव्हा आमच्या हॉलमधे २ फूट ७ इंच पाणी होतं. मोजून सांगतोय कारण पाणी उतरल्यावर भिंतीवर जी मातकट रेघ राहिली ती मी पेन्सिलने आखून ठेवली आहे. फ्रिज, वॉशिंग मशीन, इन्व्हर्टरची बॅटरी गेली, ते परत घेता आलं. बाबांच्या नोकरीची कागदं आणि आईच्या लग्नाचा अल्बम गेला, ते कुठून आणणार.

म्हणून ठरवलंय की यंदाच्या पावसाळ्याआधी जे जे भिजून वाया जातं ते सगळं ३ फूट ३ इंचाच्या वर न्यायचं. किचनमधे दोन फळ्या, हॉलमधे कागदपत्रांसाठी एक, पाच स्विचबोर्ड वर घ्यायचे, इन्व्हर्टर वर, देव्हारा वर, आणि जमलं तर झोपाळ्याच्या जुन्या गंजलेल्या कड्या बदलायच्या. मुदत १० जून.

मागे मित्राचं वायरवालं साधं ड्रिल आणलं होतं (त्याच्यावर इम्पॅक्ट लिहिलेलं असतं ते). दाराच्या वरच्या बीममधे एक भोक पाडायला वीस मिनिटं लागली आणि बिट लाल झालं. शिवाय स्टुलावर चढून एक्स्टेंशनची वायर सांभाळणं मला जमत नाही, आणि पुरानंतर चार दिवस लाईट नव्हती तेव्हा एक खिळा ठोकायलाही मशीन चालवता येत नव्हतं. म्हणून बॅटरीवरचं घ्यायचं ठरवलं.

८ मार्च, शनिवार (यात दुसऱ्या दिवसाचंही आहे)

मशीन आणलं. दुकानात दोन गोष्टी एकाच नावाने दाखवतात त्यामुळे आधी गोंधळ झाला. एक असतं हॅमर ड्रिल, त्यात दातेरी चकत्या एकमेकींवर घासून थरथर होते, जोर आपल्यालाच लावावा लागतो. दुसरं रोटरी हॅमर, त्यात आत पिस्टन हवा दाबतो आणि ती हवा ठोकणीला फटका मारते, म्हणजे ठोकायचं काम मशीन करतं. काँक्रीटसाठी दुसरंच पाहिजे. ओळखायची सोपी खूण म्हणजे तोंड : रोटरीला चावी लावून आवळायचा चक नसतो, बिट नुसतं आत ढकललं की खट्टकन बसतं, त्या दांडीला खाचा असतात. याला एसडीएस प्लस म्हणतात, दांडी १० मिलिमीटरची.

१८ व्होल्ट, दोन बॅटऱ्या ४ अँपिअर-तासाच्या, चार्जर, पेटी, सगळं मिळून १२,८०० रुपये. घरी आल्यावर कळलं की माझ्याकडची गोल दांडीची सगळी बिटं याला बसतच नाहीत. परत गेलो, पाच बिटांचा सेट ६५० ला घेतला, स्वस्त होता म्हणून. ही चूक. त्यातल्या ८ नंबरच्या बिटाचं टोक दुसऱ्याच दिवशी उडालं, दांडीला नुसतं डाखलेलं होतं. मग ६, ८, १०, १२ अशी चार चांगली सुटी बिटं घेतली, ११५० रुपये. थेट हीच घ्यायला पाहिजे होती.

आणि हो, बिटाच्या दांडीला चिमूटभर ग्रीस लावायचं असतं. हे मला कोणी सांगितलं नाही, मशीनबरोबरच्या कागदावर बारीक अक्षरात होतं.

९ मार्च, रविवार

पहिला दिवस, अकरा भोकं, त्यातली पाच वाया.

सवयीने अंगाचा भार टाकून दाबत होतो. या मशीनला दाबलं की उलट ते कमी काम करतं, ठोकणीला मागे-पुढे व्हायला जागाच राहत नाही. हलकं धरायचं, बिट भिंतीला टेकलेलं राहील एवढंच. हे कळायला तीन भोकं आणि दुखणारा खांदा लागला.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. आमच्या भिंती विटेच्या, आणि पुरात भिजून खालचा भाग अजून ठिसूळ आहे, लोणा (ओलीने फुटणारा क्षार) आलाय. हॅमर चालू ठेवून ८ च्या बिटाने भोक पाडलं तर ते १० चं होतं, कडेचा पोपडा बशीएवढा निघतो आणि गिट्टी (भोकात बसून स्क्रू धरणारी प्लास्टिकची नळी) हाताने आत-बाहेर होते. शेवटी बटण फिरवून हॅमर बंद केला, नुसतं ड्रिल, त्याच बिटाने. वेळ थोडा जास्त लागला पण भोक गोल आणि घट्ट. एवढं महाग ठोकणारं मशीन आणून विटेत ठोकणं बंद ठेवायचं हे पटायला जड जातं, पण नरम विटेला तेच लागतं. हॅमर बीमसाठी, कॉलमसाठी, स्लॅबसाठी.

१६ मार्च, रविवार

आज किचनची पहिली फळी. आणि आजच ती गोष्ट कळली जी आधी माहीत असती तर निम्मी भोकं वाचली असती : भुकटीचा रंग बघायचा.

प्लास्टरमधून जाताना करडी पांढरट भुकटी पडते, साधारण पाऊण इंच. मग जर विटकरी लाल आली तर वीट लागली, छान, पुढे जा. करडीच राहिली आणि बिट एकदम लोण्यात गेल्यासारखं आत गेलं तर समजायचं की दोन विटांमधली दरज लागली, तिथे गिट्टी धरत नाही. करडीच राहिली पण बिट हळू चाललंय आणि भुकटी पिठासारखी बारीक, तर काँक्रीट. आता मी प्रत्येक भोकाखाली पांढरा कागद दुमडून चिकटपट्टीने लावतो, भुकटी त्यात पडते, रंगही दिसतो आणि ओटाही खराब होत नाही.

फळीच्या सहा भोकांपैकी दोन दरजेत गेली होती. त्यात लोखंडी फास्टनर घालून पाना फिरवत राहिलो, तो फिरतच राहिला, मग जोर केला तर बाजूची वीटच तडकली. फास्टनर फुगून धरतो, आणि फुगायला समोर घट्ट काही नसेल तर तो विटेलाच फोडतो. काढून टाकले. ब्रॅकेट दीड इंच वर सरकवून विटेच्या मधोमध नवीन भोक, १० मिमी, ४ इंच खोल, त्यात लांब नायलॉनची गिट्टी आणि तसाच लांब स्क्रू. जुनी भोकं सिमेंटने बुजवली.

भोकातली भुकटी काढल्याशिवाय गिट्टी घालू नका. सायकलचा पंप आणि जुना टूथब्रश, फुंकर - ब्रश - फुंकर. तोंडाने फुंकलं की सगळं डोळ्यात येतं, मी एकदा केलंय.

फळीवर पाण्याचे २० लिटरचे दोन जार ठेवून रात्रभर सोडले. सकाळी पाणसळ लावली, बुडबुडा मधेच होता.

२३ मार्च, रविवार

आज वाईट झालं. हॉलमधे कागदपत्रांच्या फळीसाठी स्विचबोर्डच्या बरोबर वर, दीड फुटावर भोक पाडलं आणि भिंतीतली वायर लागली. फट्ट आवाज, ठिणगी, एमसीबी पडला. मला काही झालं नाही. पण माझा मुलगा शेजारी स्टूल धरून उभा होता आणि ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

बॅटरीचं मशीन आहे म्हणून मेन स्विच बंद केला नव्हता. डोक्यात असं होतं की मशीनला वायर नाही म्हणजे करंटचा संबंध नाही. भिंतीतल्या करंटला आपलं मशीन कशावर चालतं याच्याशी काय देणंघेणं. उलट बॅटरीच्या मशीनचा हाच तर फायदा की घरचा मेन बंद करूनही काम करता येतं, आणि मी तोच वापरला नाही.

वायरमन भाईंनी तेवढा तुकडा उघडून नवी वायर ओढून दिली, ७०० रुपये, आणि जाताना बोर्डावर हात ठेवून म्हणाले, “साहेब, बोर्डनी सीधी लाईनमा कदी नहीं, उपर बी नहीं, बाजूमा बी नहीं.” तेव्हापासून नियम : भोक पाडायचं त्या खोलीचा एमसीबी बंद, टेस्टरने खात्री, आणि प्रत्येक बोर्डापासून सरळ वर, सरळ खाली, सरळ आडवा असा वीतभर रुंदीचा पट्टा भिंत संपेपर्यंत सोडायचा. नळाच्या वरही तसंच, पाइप बहुतेक सरळ वर गेलेला असतो.

पुढचा अर्धा दिवस काही केलं नाही.

३० मार्च, गुढीपाडवा

सकाळी फक्त दोन भोकं. दरवर्षी गुढीची काठी गॅलरीच्या कठड्याला सुतळीने बांधतो आणि दुपारच्या वाऱ्यात ती कलते, आई मग दर तासाला बाहेर जाऊन बघते. या वेळी कठड्याला दोन क्लॅम्प लावले, ८ मिमीचे फास्टनर.

कठडा काँक्रीटचा. पहिल्या भोकात इंचभर गेल्यावर आवाज बदलला, ठकठकचा टणटण झाला, बिट पुढे सरकेना आणि मशीनने आतून कटकट करत मनगटाला हिसका दिला. सळई. इथे जोर केला की बिटाचं टोक जातं, आणि सळई कापून गेली तरी ते बरं नाहीच. थांबलो, दोन इंच बाजूला घेतलं, दहा-बारा सेकंदांत भोक तयार. काँक्रीटमधे हे मशीन काय करतं ते आज खरं कळलं, त्या बीमच्या वीस मिनिटांची आठवण झाली.

गुढी दिवसभर सरळ उभी. आई एकदाही बाहेर गेली नाही.

६ एप्रिल, रविवार (आणि पुढचे दोन दिवस संध्याकाळी)

स्विचबोर्ड वर घ्यायचे म्हणजे झिरी मारायची, म्हणजे वायर बसवायला भिंतीत चर खोदायची. वायरिंग वायरमननेच करायचं, झिरी मी मारून देणार, असं ठरलं. छिन्न्या दोन घेतल्या, टोकदार आणि चपटी, ४८० रुपये. बटण छिन्नीच्या खुणेवर, म्हणजे नुसतं ठोकणं, फिरणं बंद.

पहिली झिरी सरळ छिन्नीने मारायला गेलो. झिरी एक इंच रुंद पाहिजे होती, प्लास्टर निघालं सहा-सात इंचाचं, मोठमोठ्या खपल्या. म्हणून दुसऱ्यापासून आधी कटरने दोन समांतर चिरा आणि मग मधला भाग चपट्या छिन्नीने. कटर शेजारच्या काकांकडून आणला. धूळ इतकी की पंधरा मिनिटांत घर दिसेना. ही धूळ फुफ्फुसाला खरोखर वाईट, साधा रुमाल चालत नाही, एन-९५ मास्क आणि चष्मा (दोन्ही मिळून ५६०). आईला आणि मुलाला पुढच्या दोन्ही संध्याकाळी बहिणीकडे पाठवलं, ते आधीच करायला पाहिजे होतं कारण पहिल्या दिवशी आईला रात्रभर खोकला होता.

पाच बोर्ड, एकूण साडेचौदा फूट झिरी, नऊ तास.

बॅटरीबद्दल : विटेत १० मिमीची भोकं एका चार्जमधे ४० च्या वर होतात, काँक्रीटमधे १२ ची जेमतेम १७ झाली, आणि छिन्नी चालवली की बॅटरी पंचवीस मिनिटांत संपते. बडोद्यात एप्रिलची दुपार, बॅटरी काढली की हाताला चटका. तशीच चार्जरला लावली तर लाल दिवा लुकलुकतो आणि चार्जिंग सुरूच होत नाही. मला वाटलं चार्जर गेला, पेटी घेऊन दुकानात जायला निघालो होतो. बायको म्हणाली, “अहो, आधी गार तर होऊ द्या ती.” कोटा स्टोनच्या फरशीवर पंख्याखाली अर्धा तास ठेवली, मग लागली. फ्रिजमधे ठेवू नका, आत दव धरतं. दुसरी बॅटरी हवीच, एकीवर हे काम झालं नसतं.

१३ एप्रिल, रविवार

किचनमधे ओट्यावरच्या टाइलला भोक. हॅमर बंद होता तरी बिट टाइलवर घसरलं, म्हणून एक सेकंद हॅमर चालू केला, खळगा पडेल एवढंच म्हणून. त्या एका सेकंदात टाइल कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तडकली. या डिझाइनची टाइल आता कुठे मिळत नाही.

एसडीएसच्या तोंडात बसणारा साध्या चकचा अडॅप्टर मिळतो, तो आणि भाल्यासारख्या टोकाचं टाइलचं बिट, ४७० रुपये. टाइलवर फुलीसारखी चिकटपट्टी, हळू स्पीड, टाइल पार होईपर्यंत हॅमर अजिबात नाही. अडॅप्टर लावलेला असताना तर हॅमर कधीच नाही, तो त्यासाठी नसतोच. पुढची तीन भोकं नीट झाली. तडकलेल्या टाइलवर आता मसाल्याचा रॅक आहे.

२७ एप्रिल, रविवार

झोपाळा. यावर सविस्तर लिहितो कारण बरेच जण हेच करायला मशीन घेतात.

आमच्याकडे हॉलमधे झोपाळा असणं म्हणजे घर असणं, बडोद्यात ते कोणाला सांगायला नको. जुन्या कड्या स्लॅब भरतानाच सळईला वळवून टाकलेल्या आहेत, पण आता गंजून अर्ध्या जाडीच्या झाल्यात. माझा बेत होता की बाजूलाच १२ चं भोक पाडून जाड फास्टनर घालायचा आणि त्याला नवी कडी.

बिटात कागदी चहाचा कप उलटा ओवला, म्हणजे वरची भुकटी त्यात पडते, तोंडावर नाही. भोक सुरू केलं. इंचभर गेल्यावर कपात बघितलं तर भुकटी करडी नव्हती, तांबूस आणि दमट होती. बोटांत चोळली तर गंजाचा डाग पडला. थांबलो. दुसऱ्या बाजूला हातोडीच्या दांड्याने स्लॅब वाजवून पाहिला, कडीभोवती हातभर भाग पोकळ वाजतो.

मावसभाऊ सिव्हिल इंजिनिअर आहे, त्याला संध्याकाळी बोलावलं. त्याने पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाला की स्लॅब चांगला असता तरी फुगणारा फास्टनर डोक्यावर लावून त्याला माणसाचा झोका द्यायचा नाही, भार एका जागी थांबत नाही, पुढे-मागे खेचत राहतो, आणि हळूहळू तो सैल होतो. इथे तर आतली सळईच गंजून काँक्रीट उचलतेय. झोपाळा त्याच रात्री उतरवला.

मला याचं खूप वाईट वाटलं. पण आई दुपारी त्याच झोपाळ्यावर आडवी होते.

४ मे, रविवार

लोखंडी स्टँडचा झोपाळा करायला टाकला, वेल्डरने ६,२०० सांगितले. जुनी फळी आणि पितळी साखळ्या त्यालाच लागतील. स्लॅबचा पोकळ भाग मिस्त्री दिवाळीनंतर उघडून दुरुस्त करणार आहे, तो खर्च वेगळा.

इन्व्हर्टरची ट्यूबलर बॅटरी साठ किलोच्या आसपास. ही विटेच्या भिंतीला ब्रॅकेटवर टांगायची नाही. जमिनीवर उभं राहणारं साडेतीन फुटी स्टँड करून घेतलं, २,८०० रुपये, सगळा भार पायांवर, आणि कलंडू नये म्हणून भिंतीला फक्त चार फास्टनर, ते कॉलममधे. कॉलम कुठे आहे ते भुकटीनेच सांगितलं.

१८ मे, रविवार

देव्हारा. यावर घरात महिनाभर चर्चा. मी म्हणत होतो साडेचार फुटांवर, म्हणजे चिंताच नाही. आई म्हणाली, “एवढ्या वर मला बाळकृष्ण दिसणार तरी आहे का? नुसतं आसन दिसेल.” आई चार फूट दहा इंच. आजवर पाटावर बसून पूजा करायची, आता गुडघ्यांमुळे खाली बसणं जमत नाही.

तिला भिंतीपाशी उभं केलं, हातात ताम्हन दिलं आणि कोपर जिथे आलं तिथे खूण केली. ३ फूट ४ इंच. पाण्याच्या रेघेपेक्षा नऊ इंच वर, आणि उभ्याने अभिषेक करता येतो. एवढी सोपी गोष्ट मी टेप घेऊन महिनाभर शोधत होतो.

देव्हारा सागवानी, चौदा किलो. सहा भोकं, सहाही विटेत, लाल भुकटी, हॅमर बंद, एकही वाया नाही. अर्ध्या तासात काम झालं. भुकटी आईने स्वतः झाडून घेतली, मला हात लावू दिला नाही.

८ जून, रविवार

मुदतीच्या दोन दिवस आधी हिशोब.

मशीन १२,८००, बिटं दोन्ही मिळून १,८००, छिन्न्या ४८०, अडॅप्टर आणि टाइलचं बिट ४७०, मास्क-चष्मा ५६०, गिट्ट्या-फास्टनर-स्क्रू १,३४०, फळ्या आणि ब्रॅकेट ३,९००, वायर दुरुस्ती ७००, पाच बोर्डांचं वायरिंग ६,५००, इन्व्हर्टर स्टँड २,८००, झोपाळा स्टँड ६,२००. एकूण ३७,५५०.

भोकं ९४ पाडली, कामाला आली ७१, बुजवली २३. त्या २३ मधली १५ पहिल्या तीन रविवारांतली. भोकं पाडून देणारा माणूस एका भोकाचे ४० रुपये घेतो, म्हणजे ७१ भोकांचे २,८४० झाले असते. नुसत्या भोकांसाठी मशीन घेतलंत तर पैसे वसूल होणार नाहीत, हे स्पष्ट सांगतो. मी घेतलं कारण तो माणूस दोनदा येतो म्हणून आला नाही, आणि कुठल्या भिंतीत काय आहे हे आता मला माहीत आहे. कोणत्या भोकात वीट, कोणत्यात दरज, सळई कुठे, सगळं वहीत खोलीवार लिहून ठेवलंय, मुलाला उपयोगी पडेल.

कागदपत्रं हॉलच्या फळीवर, घट्ट झाकणाच्या डब्यात. अल्बममधले जे सात फोटो सुकवून वाचले ते पण त्यातच.

राहिलेलं : बाथरूममधे आईला धरायला कडी. टाइल आहे, म्हणून आधी अडॅप्टरने टाइल पार करायची, मग बिट बदलायचं. आणि भुकटी लाल आली तर फास्टनर नाही, लांब गिट्टी, आणि त्या कडीला आधी मी स्वतः लटकून बघणार. दोन्ही बॅटऱ्या चार्जिंगला लावल्यात.